भायखळ्याची बगदादी वस्ती आणि आपला दहावा माणूस



ख्राइस्टचर्चच्या ज्या उपनगरात आम्ही राहतो त्याचं नाव हॉर्नबी. कारखाने, गोदामं, रेल्वेचे रूळ आणि एक मोठं शॉपिंग सेंटर, अशी ही वस्ती. मुंबईच्या जुन्या माणसांना फोनवर पत्ता सांगितला की ती हसतात. त्यांच्या लेखी हॉर्नबी म्हणजे फोर्टातला हॉर्नबी रोड, नाहीतर हॉर्नबी वेलार्ड. पहिला आता दादाभाई नौरोजी रोड झाला आणि दुसरा लाला लजपतराय मार्ग, पण जुन्यांच्या तोंडातून जुनी नावं जात नाहीत.

हे नाव विल्यम हॉर्नबीचं. १७७१ ते १७८४ या काळात तो मुंबईचा गव्हर्नर होता. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचं पाणी बेटांच्या पोटात शिरायचं. ते अडवण्यासाठी त्याच्या काळात जो बांध घातला तोच वेलार्ड. हा शब्द बांध या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला. त्या पाण्याची आठवण मुंबईच्या नावांत अजून आहे. पायधुनी म्हणजे पाय धुवायची जागा, उमरखाडी म्हणजे खाडीच. बांध झाला, सखल जमीन हळूहळू कोरडी झाली, आणि पुढच्या शंभर वर्षांत तिथे वस्ती पसरली. भायखळ्याच्या वाढीची सुरुवात तिथली.

भायखळा म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना आजीची खोली, राणीची बाग, जेकब सर्कलची तिफेरेथ इस्रायल, आग्रीपाड्याची मागेन हसिदिम आठवेल. पण मला आज लिहायचं आहे ते त्याच भायखळ्यातल्या दुसऱ्या एका ज्यू वस्तीबद्दल. अरबी बोलणाऱ्या व्यापाऱ्यांची ती वस्ती. सरकारी कागदांत त्यांना 'अरेबियन ज्यू' म्हणत, आपण त्यांना बगदादी म्हणायचो. त्यांनी बांधलेल्या इमारतींचे फोटो आज परदेशातले पाहुणे 'मुंबईचे ज्यू' म्हणून काढून नेतात. आपल्या घरांत मात्र त्या इमारतींचा विषय निघाला की एक अवघडलेपण येतं. माझ्या आजोबांनी त्या दारात कधी पाऊल टाकलं नाही, आणि माझे पपा आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत दर शाब्बाथला तिथे जात होते. दोघांचीही बाजू मला लिहून ठेवायची आहे.

आधी ती माणसं कोण होती ते पाहू. बगदाद, बसरा, अलेप्पो इथले अरबी बोलणारे ज्यू व्यापारी अठराव्या शतकातच सुरतेला आले होते. सुरतेचा व्यापार मुंबईकडे वळला तसे तेही वळले. १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड ससून आपल्या कुटुंबासह बुशायरहून मुंबईत आला. त्याचे वडील बगदादच्या पाशांचे खजिनदार होते, पण दाऊद पाशाच्या काळात तिथे राहणं अवघड झालं. मुंबईत आल्यावर या घराण्याने कापूस, कापड आणि अफूच्या व्यापारात अफाट पैसा मिळवला. हिशेबाच्या वह्या हिब्रू अक्षरांत लिहिलेल्या अरबीत असत. १८५३ साली डेव्हिड ससून ब्रिटिश प्रजाजन झाला, तेव्हा सही त्याने हिब्रूतच केली. त्या समाजाचं 'दोरेश टोव ले-अम्मो' हे ज्यू-अरबी पत्र १८५५ पासून मुंबईत शिळाछापावर निघत असे.

ही माणसं ज्या घरांतून आली ती घरं कशी होती? जुन्या बगदादच्या गल्ल्या अरुंद. रस्त्याच्या बाजूला खालची भिंत जवळजवळ कोरी, दार साधं. आत शिरलं की थोडं वळण, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला घरातलं काही दिसू नये, आणि मग उघडा चौक. त्याला ते 'होश' म्हणत. चौकाभोवती लाकडी खांबांची गॅलरी, तिला 'तरमा'. वरच्या मजल्यावर रस्त्यावर झुकलेल्या लाकडी जाळीच्या खिडक्या, त्या 'शनाशील'. आतल्या बायकांना बाहेरचं दिसे, बाहेरच्यांना आतलं दिसत नसे. उन्हाळ्याच्या दुपारी सगळं घर 'सरदाब' नावाच्या तळघरात उतरे. गच्चीवर तोंड असलेल्या भिंतीतल्या पोकळीतून वारा खाली यायचा, ती पोकळी म्हणजे 'बादगीर'. रात्री सगळे गच्चीवर झोपत.

आखाती मुलखात चांगलं इमारती लाकूड पिकत नाही. ते गलबतांतून आपल्या किनाऱ्यावरून जाई. सागाला अरबीत 'साज' म्हणतात. तो शब्दही लाकडाबरोबर आपल्याकडूनच गेला. म्हणजे ही माणसं मुंबईला यायच्या कितीतरी आधीपासून त्यांच्या दारांत आणि खिडक्यांत हिंदुस्थानचं लाकूड होतं.

अशी वस्ती दुबईत आजही पाहायला मिळते. हॉर्नबीहून मुंबईला किंवा तेल अवीवला जाताना दुबईला विमान बदलायची वेळ पुष्कळदा येते. हातात तास मोकळे असले तर खाडीकाठची बस्तकिया जरूर पाहा. आता तिचं नाव अल फहिदी. दक्षिण इराणमधल्या बस्तकहून आलेल्या व्यापाऱ्यांनी १८९०च्या दशकापासून ती वसवली. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाच्या भिंती, त्यावर जिप्समचा गिलावा, छताला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेले कांदळवनाचे वासे, सागाची दारं, आणि घराच्या डोक्यावर चारही दिशांचा वारा पकडणारे चौकोनी बुरूज. १९८०च्या दशकात यातली जवळजवळ निम्मी वस्ती पाडली गेली. उरलेलीही जाणार होती. तिथे राहणाऱ्या एका ब्रिटिश वास्तुविशारदाने ती वाचवण्यासाठी खटपट केली, १९८९ मध्ये प्रिन्स चार्ल्सने भेट देऊन तिच्या बाजूने शब्द टाकला, आणि पाडकाम थांबलं. आज तिथे संग्रहालयं, कलादालनं, कॉफीची दुकानं आहेत. घरं अगदी व्यवस्थित आहेत. राहणारी कुटुंबं मात्र तिथे नाहीत.

मुंबईत बगदाद्यांनी तसली घरं बांधली नाहीत, आणि त्याची कारणं समजण्यासारखी आहेत. खाडी हटवून मिळालेल्या जमिनीत सरदाब खणायचा म्हणजे पाण्याला घरात बोलावणं. चार महिने पाऊस कोसळणाऱ्या गावात गच्चीवर झोपता येत नाही. पण हवामानापेक्षा मोठं कारण दुसरं होतं. या व्यापाऱ्यांना राज्यकर्त्यांच्या शेजारी बसायचं होतं. डेव्हिड ससून शेवटपर्यंत पागोटं आणि झगा घालत राहिला, मुलांनी मात्र सूट-बूट चढवला. इमारतींनीही तेच केलं.

डेव्हिड ससूनचा भायखळ्याचा बंगला 'सां सूसी' आज मसीना हॉस्पिटल आहे. राणीच्या बागेजवळचा घड्याळाचा मनोरा १८६५ चा, ससूनच्या देणगीतला, आणि त्याची घडण इटालियन. तिथल्याच संग्रहालयातला प्रिन्स आल्बर्टचा पुतळाही त्यानेच दिला. त्याच्या चौथऱ्यावर हिब्रू अक्षरं आहेत. आणि १८६१ साली भायखळ्याला उभी राहिली मागेन डेव्हिड. आपल्या भाषेत सांगायचं तर बगदाद्यांची मशीद. नव्या पिढीसाठी सांगते: आपले लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत. जुनी मशीद, नवी मशीद हे शब्द तसेच आले, आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव आपल्या जुन्या मशिदीवरून पडलं असं घरोघरी सांगत.

मागेन डेव्हिड बाहेरून पाहिली तर बगदादची काही खूण नाही. समोर उंच खांबांचा ग्रीक थाटाचा दर्शनी भाग, वर मनोरा, मनोऱ्यात घड्याळ. दुरून पाहणाऱ्याला चर्च वाटावं. मंडळी वाढली तेव्हा १९१० साली जेकब ससूनने ती मोठी केली.

आत गेलं की चित्र बदलतं. मधोमध तेवा, म्हणजे हझान उभा राहतो तो कठड्याचा मंच. बाकं त्याच्याकडे तोंड करून चहूबाजूंनी. जेरुसलेमच्या दिशेला हेखाल. सेफेर तोरा कापडात गुंडाळून आडवे ठेवलेले नाहीत, तर लाकडाच्या आणि चांदीच्या पेट्यांत उभे. वर बायकांची गॅलरी. थोडक्यात, बाहेर लंडन आणि आत बगदाद.

आता हे वर्णन वाचून तुमच्या मनात जे आलं असेल तेच मी सांगणार आहे. तेवा मधोमध, तोरा उभ्या पेटीत, बायका वर: ही तर आपली मांडणी. सॅम्युअल स्ट्रीटवरच्या शआर हारहमीममध्ये हेच आहे, अलिबागच्या इस्रायल आळीतल्या मागेन आबोथमध्ये हेच आहे. सामाजी हसाजी दिवेकरांनी, म्हणजे सॅम्युअल इझिकेल दिवेकरांनी, मुंबईत आपली पहिली मशीद बांधली ती १७९६ साली. डेव्हिड ससून मुंबईत यायच्या पस्तीसेक वर्षं आधी. बगदादी मंडळींची स्वतःची मशीद नव्हती तोवर तेही आपल्याच मशिदीत तेफिला करत होते.

आणि तरी १८३६ साली सरकारकडे एक अर्ज गेला. मुंबईत तेव्हा ज्यूंचं कबरस्तान सामायिक होतं. डेव्हिड ससून आणि आणखी काही जणांनी मागणी केली की त्याच्या मध्ये भिंत घालावी, बेने इस्रायल एका बाजूला आणि अरबी ज्यू दुसऱ्या बाजूला. आपल्या लोकांनी विरोध केला, आणि सरकारने मागणी मानली नाही. पण ती भिंत मनात उभी राहिली. बेने इस्रायल गेट आणि हलिझा पाळत नव्हते, वंशाची खात्री नाही, अशी कारणं पुढे शंभर वर्षं दिली गेली. आपल्या माणसाला मिन्यानमध्ये धरायचं का, सेफेर तोरापुढे बोलवायचं का, यावर मुंबईत, कलकत्त्यात, रंगूनमध्ये वाद झाले. रंगूनच्या सिनेगॉगचा वाद १९३०च्या दशकात हायकोर्टापर्यंत गेला आणि निकाल आपल्या बाजूने लागला. इस्रायलमध्ये गेलेल्या आपल्या मंडळींना १९६०च्या दशकात लग्नांच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न विचारला गेला. त्या वेळचे सेफार्दी मुख्य रब्बी बगदादचे जन्मलेले होते. उपोषणं झाली, मोर्चे निघाले, आणि १९६४ मध्ये क्नेसेटने सांगितलं की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. अश्दोदमधल्या, लोदमधल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे मी सांगायला नको.

माझे आजोबा १८३६ च्या अर्जाची गोष्ट काल घडल्यासारखी सांगायचे. "मेल्यावरसुद्धा ज्यांना आपली शेजार नको, त्यांचं घड्याळ पाहून मी वेळ लावणार नाही," असं म्हणत आणि खरंच मनोऱ्याकडे न बघता निघून जात. कोणी मध्येच म्हणालं की अहो, त्यांनी शाळेला पैसे दिले, तर ते गप्प बसत. कारण तेही खरं होतं. हाईम सॅम्युअल केहिमकरांनी १८७५ साली सुरू केलेल्या आपल्या इस्रायली शाळेला पुढे सर एली कदुरी यांची मोठी देणगी मिळाली आणि शाळेला त्यांचं नाव लागलं. ते बगदादीच. एकाच समाजाने भिंतही मागितली आणि शाळाही उभी केली. दोन्ही गोष्टी एका वहीत लिहायला हव्यात.

पपांची गोष्ट वेगळी. स्वातंत्र्यानंतर बगदादी कुटुंबं भराभर निघाली. कोणी लंडनला, कोणी इस्रायलला, कोणी सिडनीला. गिरण्या विकल्या गेल्या होत्या, बंगल्यांची हॉस्पिटलं झाली होती. एवढ्या मोठ्या मागेन डेव्हिडमध्ये शाब्बाथला दहा पुरुष जमेनात. दहा नाहीत तर मिन्यान नाही, मिन्यान नाही तर काद्दीश नाही, तोरा बाहेर निघत नाही. तेव्हा आसपासच्या चाळींतून आपली माणसं जाऊ लागली. गरजू माणसांना त्याचे थोडे पैसेही मिळत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पपा परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. सकाळी इस्त्रीचा सदरा घालून निघत. कोणी विचारलं तर एवढंच म्हणत, "नऊ झालेत. मी गेलो की दहा."

एकदा मी त्यांना आजोबांची आठवण करून दिली. ते म्हणाले, "बाबांना त्या लोकांचा राग होता, तोराचा नव्हता. तोरा पेटीत अडकून पडली तर कोणाचं भलं झालं?" मग थोडं थांबून म्हणाले, "आणि बघ ना, ज्यांनी विचारलं हे दहांत धरायचे का, त्यांचे दहा आज आपल्यामुळे होतात." त्यांच्या आवाजात सूड घेतल्याचा भाव नव्हता, थोडी गंमत होती.

मला वाटतं भायखळ्याच्या त्या वस्तीचा वारसा कोणाचा, याचं उत्तर या बोलण्यात आहे. बांधली त्यांनी, अनेक वर्षं जागती ठेवली आपण. त्यात आपल्याबरोबर शेजारीही आले. मागेन डेव्हिडच्या आवारातल्या ससून शाळांत गेली कित्येक वर्षं बहुतेक मुलं मुसलमान आहेत. त्यांना ज्यू सणांची सुट्टी मिळते. रमजानमध्ये नागपाड्याहून येणारी हीच मुलं मशिदीच्या आवारातून वर्गात जातात. भायखळ्याला अरबी शब्द ऐकू यायचे ते एके काळी ससूनांच्या पेढीवर. आता शेजारच्या मदरशात येतात. बस्तकियाची घरं उभी राहिली, पण घरातलं चालणं-बोलणं संपलं. भायखळ्यात निदान तेफिला चालू राहिली आणि शाळेची घंटा वाजत राहिली.

पण हेही सगळं टिकेल असं नाही, आणि इथे राहून मला ते जास्त कळतं. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात ख्राइस्टचर्चमध्ये १८५ माणसं गेली. शहराच्या मध्यातल्या कॅथेड्रलचा मनोरा कोसळला आणि तिचं काय करायचं यावर वर्षानुवर्षं वाद चालला. तो वाद झाला कारण तिचे नकाशे होते, फोटो होते, तिच्यासाठी भांडणारी माणसं होती. पण त्याच शहरात विटांची साधी दुकानं, त्यांच्या वरच्या खोल्या, कोपऱ्यावरच्या जुन्या इमारती शेकड्यांनी पाडल्या गेल्या, आणि त्यांच्यासाठी वाद घालायला फारसं कोणी उरलं नाही.

मुंबईतही तसंच चाललंय, भूकंपाशिवाय. फोर्टातल्या क्नेसेट एलियाहूची २०१९ मध्ये सुंदर दुरुस्ती झाली. भायखळा स्टेशनला २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. मोठ्या इमारतींकडे लक्ष आहे, आणि त्याचा आनंदच आहे. पण आपली माणसं राहिली ती अशा इमारतींत राहिलीच नाहीत. ती उमरखाडीत, डोंगरीत, मांडवीत, भायखळ्याच्या चाळींत राहिली. लाकडी जिने, कोरीव टेकूंवर रस्त्यावर आलेल्या गॅलऱ्या, मध्ये चौक आणि भोवती सामायिक व्हरांडा. बगदादच्या तरमाशी तिचं नातं नसेल, पण चौकाभोवती एकमेकांच्या नजरेसमोर जगायची पद्धत तीच. यातल्या किती इमारती उरल्या आहेत ते मुंबईला गेलात की पाहा. शेजारच्या भेंडी बाजारात २००९ मध्ये स्थापन झालेल्या ट्रस्टने साडेसोळा एकरांतल्या सुमारे अडीचशे जुन्या इमारतींच्या जागी मनोरे बांधायला घेतले. पावसाळ्यात गळणाऱ्या, टेकू दिलेल्या खोल्यांत राहणाऱ्यांना नवं घर मिळतंय, त्याला नावं ठेवायचा अधिकार मला हॉर्नबीच्या घरात बसून नाही. एवढंच म्हणायचं आहे की खोली गेली की तिच्यातल्या जगण्याची माहितीही जाते. तिचा नकाशा कुठल्याही सरकारी दप्तरात नसतो.

म्हणून एक काम सांगते. तुमच्या घरात मुंबईत वाढलेलं कोणी वडीलधारं माणूस असेल, बीरशेबाला, टोरंटोला, मेलबर्नला, कुठेही, तर त्यांच्यापुढे एक मोठा कागद ठेवा आणि त्यांना आपली जुनी खोली काढायला सांगा. चूल कुठे, मोरी कुठे, पाणी किती वाजता यायचं, मलिद्याचं ताट कोणत्या कोपऱ्यात ठेवायचे, मेझुझा दाराच्या चौकटीला की गॅलरीच्या, शेजारी कोण मुसलमान, कोण कोकणी, कोण बगदादी. इमारतीचं नाव आणि मालकाचं नाव लिहा. जिना लाकडाचा होता का, पायऱ्या किती, तेही. चित्र वाकडंतिकडं आलं तरी चालेल.

मग विचारा, मागेन डेव्हिडच्या आत कधी गेला होतात का. "गेलो नाही" म्हणाले तर का नाही ते लिहून घ्या. "गेलो होतो" म्हणाले तर कोणत्या बाकावर बसायचात ते विचारा. कागदावर मशीदही दाखवा, आणि घरापासून तिथे चालत किती मिनिटं लागायची, तेही शेजारी लिहा.